वयाचं २८ संपलं, राज्यसेवा सोडावी का? आणि सोडली तर नेमकं करायचं काय?

औसेकरीण:

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथं नुसतं वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी लातूर जिल्ह्यातली, औसा तालुका. लातूरच्याच कृषी महाविद्यालयातून बीएस्सी अॅग्री केलं आणि डिग्री हातात पडली तशी पुण्याला आले, राज्यसेवेसाठी. वर्गातली निम्मी पोरं पोरी तेच करत होती, आणि खरं सांगायचं तर अॅग्रीनंतर दुसरं काही करता येतं हे आम्हाला कुणी सांगितलंही नाही. तेव्हापासून नवी पेठेत कॉट बेसिसवर राहते. सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, परत अभ्यासिका. एकदा मेन्सपर्यंत (मुख्य परीक्षा) गेले, बाकी वेळा प्रीलाच (पूर्व परीक्षा) काठावर राहिले. मध्ये कंबाईन (आयोगाचीच संयुक्त परीक्षा) दिली, २०२३ ची तलाठी पण दिली, ती साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज आले होते ती.

यावेळची, म्हणजे २०२५ ची प्री २८ सप्टेंबरला होती, मराठवाड्यातल्या पुरामुळे ९ नोव्हेंबरला गेली हे तुम्हाला माहितीच आहे. मधल्या दिवसात मी गावी जाऊन राहिले. आमचं सोयाबीन पाण्यात होतं, शेंगांना जागेवरच कोंब फुटलेले, पप्पा बांधावरून बघून यायचे आणि काही न बोलता चहा प्यायचे. गावात कुणाचा फार्मर आयडी निघाला नव्हता, कुणाची ई-केवायसी अडकलेली, कुणी विचारायचं की विम्याची तक्रार कुठं करायची, मग सांगावं लागायचं की काका ते ७२ तासात तक्रार टाकायचं २०२५ च्या खरिपापासून बंद झालंय, आता आपल्या मंडळातल्या पीक कापणी प्रयोगात जे उत्पन्न निघेल त्यावरच विमा ठरणार. मारुतीच्या पारावर मोबाईल आणि सातबाऱ्यांची पिशवी घेऊन बसायचे, जेवण पण तिथंच कुणीतरी आणून द्यायचं. अभ्यास काहीच झाला नाही त्या दिवसात, पण झोप छान लागायची.

आता पेपर झालाय, उत्तरतालिका लावून बघितली, परत काठावरच आहे.

भाऊ चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, माझा दर महिन्याचा खर्च तोच पाठवतो. त्याचं लग्न माझ्यामुळं थांबलंय असं आई म्हणत नाही पण मावशी तोंडावर म्हणते. मला स्थळं येतात, त्यातले निम्मे विचारतात "पोस्ट कधी निघेल", जसं काही तारीख ठरलेलीच आहे.

सोडावं का हा एक प्रश्न आहेच, पण मला त्याच्यापेक्षा जास्त भीती पुढच्याची वाटते. सोडून करू काय? कुणी विचारलं तुला काय आवडतं तर मला खरंच सांगता येत नाही. इतकी वर्षं एकच धरून चालले की पोस्ट निघाली की बाकीचं आपोआप ठरेल. आणि प्लीज "मनाचं ऐक" असं सांगू नका. मन काहीच बोलत नाहीये, ऐकू काय.

वणीचा_पाहुणा:

ताई, आधी वयाचं गणित मांड, बाकी नंतर. राज्यसेवा ओपनला ३८ पर्यंत देता येते, मागासवर्गीयांना ४३. बँकेतलं अॅग्रीकल्चर फील्ड ऑफिसर, म्हणजे आयबीपीएसच्या बँकभरतीतल्या एसओ परीक्षेमधलं एएफओ, त्याला वय २० ते ३० एवढंच (ओबीसीला ३ आणि एससी एसटीला ५ वर्षं सूट आहे). म्हणजे जे दार अजून बरीच वर्षं उघडं राहणार आहे त्याच्यासमोर तू ठाण मांडून बसलीयस आणि जे वर्ष दीड वर्षात बंद होतंय तिकडं अॅग्रीची डिग्री असून बघितलंच नाहीस. हे मी रागावून सांगत नाहीये, पुण्यात आपल्या फील्डची कितीतरी पोरं अशीच ३० ओलांडतात आणि मग त्यांना कुणीतरी सांगतं की अरे एएफओ दिली का नाहीस.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका सरकारी बँकेत एएफओ आहे. प्रीला इंग्लिश, रीझनिंग आणि क्वांट, तुला सीसॅटची (प्रीचा दुसरा पेपर) सवय आहे तर हे परकं नाही, पण स्पीड वेगळा लागतो, त्याला तीन चार महिने दे. मेन्सला फक्त आपला विषय, ६० प्रश्न. अॅग्रोनॉमी, सॉईल, हॉर्टी, प्लांट प्रोटेक्शन, डेअरी, सगळं बीएस्सीचंच आहे. नंतर इंटरव्ह्यू. स्केल वनचं बेसिक ४८,४८० पासून सुरू होतं.

काम काय असतं ते खरंखुरं सांगतो, कारण पुण्यात याबद्दल कुणी बोलतच नाही. खरिपाच्या आधी पीककर्जाच्या फायलींचा ढीग, सातबारा, ८अ, फेरफार बघायचे, नावं जुळत नाहीत, बापाच्या नावावर जमीन आणि बाप वारलेला, वारस नोंद झालेली नाही. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनी, वेळेत भरलं की केंद्राची ३ टक्के सवलत आणि वर आपल्या राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेतून आणखी सवलत, म्हणजे शेतकऱ्याला व्याज जवळपास पडतच नाही. पण मुदतीत भरलं तरच! हे माणसाला पटवून देणं हाच निम्मा जॉब आहे. मागच्या हंगामात एक आजोबा कापूस विकून बाजारातून तडक ब्रँचला आले, धोतराच्या सोग्यात नोटा बांधलेल्या, खिशात मी दिलेली चिठ्ठी, तिच्यावर मुदतीची तारीख लिहून भोवती गोल केलेला. दोन दिवस उरले होते. त्या दिवशी मला जे वाटलं ते प्रीचा रिझल्ट लागून कधी वाटलं नव्हतं.

वाईट बाजू पण ऐक. वसुलीला जावं लागतं, एनपीएचं (थकलेल्या कर्जांचं) प्रेशर असतं, पोस्टिंग महाराष्ट्राबाहेर येऊ शकतं आणि ब्रँचमध्ये माणसं कमी असली की तू अॅग्री ऑफिसर असूनही काउंटरवर बसतेस. मुली आहेत आमच्या बॅचला, करतात, पण पहिली दोन वर्षं दमवणारी असतात.

पारावर बसून तू जे केलंस ना, त्याचा मला पगार मिळतो. एवढंच सांगायचं होतं.

सांगोला_एक्सप्रेस:

मी दुसरी बाजू मांडतो. राज्यसेवेतूनच लागलोय, वर्ग २, तेही बऱ्याच वर्षांनी. "सोडा आणि सुटा" असं सांगणं सोपं असतं, पण या मुलीने एक मेन्स दिलीय आणि आता पॅटर्न पूर्ण बदललाय, हे कुणी लक्षात घेत नाहीये.

आधीची मेन्स मुख्यतः ऑब्जेक्टिव्ह होती, ८०० मार्कांची. २०२५ पासून सगळं वर्णनात्मक. मराठी इंग्रजीचे पेपर फक्त पात्रतेचे, २५ टक्के मिळवायचे. निबंध, जीएसचे (सामान्य अध्ययन) चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन, प्रत्येकी २५० मार्क, म्हणजे १७५० आणि वर इंटरव्ह्यू २७५. वैकल्पिकमध्ये अॅग्रीकल्चर आहे. ऑब्जेक्टिव्हमध्ये एका प्रश्नाने मागे राहणारी माणसं लिहिण्यात पुढे जाऊ शकतात, उलटही होऊ शकतं. तुझी पोस्ट वाचली, तू लिहितेस चांगलं, पण फोरमवर लिहिणं वेगळं आणि तीन तासात वीस उत्तरं मुद्देसूद लिहिणं वेगळं.

म्हणून असं कर. रिझल्टची वाट बघत बसू नकोस. या रविवारी घड्याळ लावून अॅग्रीचा एक पूर्ण पेपर लिही, तीन तास, मध्ये मोबाईल नाही. पुढच्या रविवारी जीएसचा एक. ते ओळखीच्या मैत्रिणीला देऊ नकोस, ती चांगलंच म्हणेल. परभणीच्या किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या एखाद्या सरांकडे पाठव ज्यांना तुझ्या भावनांशी काही देणंघेणं नाही. शेवटचे चार पाच प्रश्न लिहायचे राहून जात असतील, हात दुखून अक्षर जात असेल, तर ते प्रॅक्टिसने सुधारतं. पण लिहायलाच काही नसेल, दोन ओळींनंतर डोकं रिकामं होत असेल, तर ते पण तुला लगेच कळेल आणि मग निर्णय घ्यायला आयोगाच्या रिझल्टची गरज उरणार नाही.

वणीचा_पाहुणाने सांगितलेलं एएफओ आणि अॅग्री वैकल्पिक यांचा अभ्यास बराच एकच आहे. दोन्ही धर, त्यात मला काही वावगं दिसत नाही. फक्त अभ्यासिकेत बसून "प्लॅन बी चालू आहे" असं म्हणू नकोस, फॉर्म भर आणि पेपरला जाऊन बस.

आणि एक. पोस्ट निघाली की सगळं ठरतं असं अजिबात नाही. माझ्यासोबतचे दोघं तिघं पहिल्या पोस्टिंगला गेल्यावर महिनाभरात म्हणायला लागले की हे काम आपलं नाही. रोज लोक तक्रारी घेऊन येतात, दिवसभर बैठका, रात्री व्हिडिओ कॉन्फरन्स. मला आवडतं म्हणून मी टिकून आहे. पण हे आधी कुणी बघितलेलं नसतं, सगळे गाडी आणि नेमप्लेट बघतात. तुझ्या तालुक्याच्या तहसीलला एक दिवस नुसती जाऊन बस, बाहेरच्या बाकावर, आणि आत काय चाललंय ते बघ.

पॅकहाऊसवाली:

अगं किती ओळखीचं लिहिलंयस. मी पण अॅग्रीचीच, राहुरी विद्यापीठाची, आता दिंडोरीकडं द्राक्षाच्या एका एक्स्पोर्ट पॅकहाऊसला क्वालिटी बघते.

आवडीबद्दल बोलते कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे. मला कॉलेजात हॉर्टीकल्चर हा विषय बिलकुल आवडायचा नाही, पाठ करून पास झाले. घरी पैशाची अडचण होती म्हणून एका सीझनला क्यूसी (मालाची क्वालिटी तपासणारी) म्हणून आले, जानेवारी ते एप्रिल. पहाटे प्लॉटवर जायचं, रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब रस टाकून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण बघायचं, १६ च्या खाली दाखवलं की मालकाने कितीही डोळे वटारले तरी आज काढणी नाही म्हणून सांगायचं. बावीस वर्षांची मी आणि समोर पन्नाशीचे बागायतदार! मग पॅकहाऊसला घडातला एकेक चिरका मणी कात्रीने काढायचा, अर्ध्या किलोचे पनेट भरायचे, वजन, लेबल, प्रीकूलिंगला. प्लॉटची ग्रेपनेटवर (एक्स्पोर्टच्या द्राक्षबागांची ऑनलाइन नोंदणी) नोंद आहे का, रेसिड्यूचा (फवारलेल्या औषधांच्या उरलेल्या अंशाचा) रिपोर्ट आला का, एक कागद कमी असला तरी कंटेनर अडतो. पहिल्या आठवड्यात रडायला यायचं. फेब्रुवारीपर्यंत बागेत शिरल्यावर पानं बघून मी सांगायला लागले की इथं डाऊनी (केवडा रोग) आहे आणि इथं पोटॅश कमी पडलंय. मला हे आवडतं हे मला तेव्हा कळलं, खुर्चीत बसून विचार करून कधीच कळलं नसतं कारण विचार करायला माझ्याकडं काही सामानच नव्हतं.

तू पण बघ, परीक्षेबद्दल तू कसं लिहिलंयस, सकाळी अभ्यासिका दुपारी मेस, संपलं. आणि पारावरचं लिहिताना लोक काय विचारत होते, तू काय सांगितलंस, जेवण कोण आणत होतं, सगळं आठवतंय तुला. मन बोलत नाही म्हणतेस, मला तर बरंच ऐकू आलं.

माझा सल्ला, एक सीझन कुठंतरी काम कर. द्राक्षच असं नाही. तुमच्याकडं सोयाबीन आहे, तूर आहे, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, त्यांना साठवण, ग्रेडिंग, हमीभावाच्या खरेदीची नोंदणी यासाठी शिकलेलं माणूस लागतं. सोयाबीनचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता आणि आडतीत ओला माल म्हणून किती खाली मागतात ते तू घरी बघितलंच असशील. हे सगळं आतून बघ. आवडलं नाही तर नाही, पण नाही म्हणायला तरी काहीतरी हातात येईल.

मास्तर_अंबाजोगाई:

पोरी, मी निवृत्त शिक्षक आहे, माझे बरेच विद्यार्थी पुण्यात आहेत, त्यांचे वडील मला भेटतात तेव्हा काय बोलतात ते सांगतो. "सर, पोराला विचारायची भीती वाटते, त्याला वाटंल आम्ही ओझं समजतो." आणि पोरगं पुण्यात बसून समजतं की वडील नाराज आहेत म्हणून बोलत नाहीत. दोन्हीकडं माया आहे आणि दोन्हीकडं अबोला.

फोनवर नको, गावी जाऊन बोल. पप्पा आणि भाऊ दोघांना एकत्र बसव. कागदावर लिहून ने, महिन्याचा खर्च किती, अमुक परीक्षा अमुक महिन्यात, त्यानंतर मी भावाकडून पैसे घेणार नाही. तारीख तू सांग, त्यांनी सांगायच्या आत. आमच्या मराठवाड्यात बापाला पोरीच्या तोंडून हिशेब ऐकायची सवय नाही, पण एकदा ऐकला की तो ताठ मानेनं पाहुण्यांना उत्तर देतो हे मी पाहिलंय.

लग्नाचा प्रश्न यात मिसळू नकोस. पोस्ट विचारत येणारं स्थळ पोस्टसाठी आलेलं असतं, तुझ्यासाठी नाही. मावशीला नमस्कार कर आणि पुढं चाल. भावाचं लग्न मात्र तुझ्यासाठी थांबवू नका असं तूच आईला स्पष्ट सांग, तुझ्यावरचं निम्मं दडपण तिथंच उतरेल.

काळी_माती:

थोडक्यात लिहितो, शेतातून टाइप करतोय. अॅग्रीवाल्यांना अॅग्री क्लिनिक अॅग्री बिझनेसची ट्रेनिंग असते, हैदराबादच्या मॅनेज संस्थेमार्फत, ४५ दिवस, निवासी, फुकट. महाराष्ट्रात सेंटरं आहेत. नंतर बँकेकडून वैयक्तिक प्रकल्पाला २० लाखांपर्यंत कर्ज आणि त्यावर नाबार्डची सबसिडी ३६ टक्के, महिलांना ४४. सध्याचे नियम सेंटरला विचारून घे. ट्रेनिंगला जाणारे सगळेच धंदा करत नाहीत, पण ४५ दिवसात दुकान, नर्सरी, माती परीक्षण, डेअरी असं चालू असलेलं काम जाऊन बघायला मिळतं.

कृषी सेवा केंद्र टाकायचं डोक्यात आलं तर एकच सांगतो, ते उधारीवर चालतं. माल कंपनीला रोख आणि शेतकऱ्याला हंगाम निघेपर्यंत थांबायचं, यंदासारखं वर्ष आलं की वसुली अर्धी पण होत नाही. भांडवल आणि घट्ट मन दोन्ही असेल तर बघ. आणि कुणी दुकानदार म्हणाला की तुमची डिग्री लायसनला वापरू द्या, वर्षाला काही देतो, तर अजिबात देऊ नको. औषध बोगस निघालं तर केस तुझ्या नावावर होते. आमच्या तालुक्यात झालंय असं.

औसेकरीण:

सगळ्यांचे खूप आभार, मनापासून. उत्तर द्यायला उशीर झाला कारण मास्तरांचं वाचून मी खरंच गावी गेले.

कागद नेला होता. भाऊ पण चाकणहून आला होता. मी जूनची तारीख सांगितली, त्यानंतर पैसे बंद. पप्पांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले "जूनपर्यंत कशाला, डिसेंबरपर्यंत राहा की." भाऊच म्हणाला की नको, तिनं ठरवलंय ना, जूनच असू द्या. आई रडली थोडी. भावाच्या लग्नाचं पण बोलले, आता बघायला सुरुवात करतायत.

अॅग्रीचा पेपर लिहिला रविवारी, सांगोला_एक्सप्रेस दादांनी सांगितल्यासारखा घड्याळ लावून. माती, पीक संरक्षण भरभर लिहिलं, अर्थशास्त्राच्या भागात अडकले, तीन प्रश्न लिहायचे राहून गेले. सरांकडं पाठवलाय, अजून उत्तर नाही. जीएसचा या रविवारी. प्रीत नाव आलं तर मेन्स देईन. एएफओची जुनी प्रश्नपत्रिका सोडवून बघितली, विषयाचं जमतंय, इंग्लिशला वेळ द्यावा लागेल. पुढची जाहिरात आली की फॉर्म भरणार, वय बसतंय.

तहसीलला पण गेले होते. बाहेरच्या बाकावर एक आजी भेटल्या, अनुदान आलं नाही म्हणून तिसऱ्यांदा आलेल्या, आधारला बँक खातंच जोडलेलं नव्हतं. त्यांच्यासोबत बँकेत गेले आणि परत तहसीलला यायचं राहूनच गेलं.

पॅकहाऊसवाली ताई, तुमच्याकडं या सीझनला क्यूसीला कुणी लागतं का? मला अनुभव शून्य आहे. आणि मुलींच्या राहण्याचं कसं असतं?

पॅकहाऊसवाली:

लागतं ग, दरवर्षी लागतं. यंदा पावसाने माल कमी आहे म्हणून माणसं थोडी कमी घेतील, पण जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात कॉल सुरू होतात. अनुभव नसला तरी अॅग्रीची डिग्री असली की ट्रेनी म्हणून घेतात. मुलींना राहायला खोल्या असतात, एका खोलीत तिघी चौघी, आणि मेस. मोठ्या पॅकहाऊसला सोय चांगली असते, छोट्या ठिकाणी आधी जाऊन बघ आणि रात्रीच्या शिफ्टला घरी सोडायला गाडी असते का ते नक्की विचार. पगार महिन्याचा ठरवून घे, किलोवर नको.

डिग्रीची आणि आधारची झेरॉक्स, दोन फोटो, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि स्वेटर आण. कोल्ड स्टोअरला बाहेर ऊन असलं तरी आत हुडहुडी भरते. एक्स्पोर्टच्या द्राक्षाची रेसिड्यूची यादी तेवढी आत्तापासून डोळ्याखालून घाल, कुठल्या औषधाचा काढणीपूर्व कालावधी किती, हे पहिल्याच दिवशी विचारतात. मला मेसेज कर, दोन तीन ठिकाणचे नंबर देते.